वापरसुलभता आणि सॉफ्टवेअर विकास प्रक्रियांची सांगड

वापरसुलभता आणि सॉफ्टवेअर विकास प्रक्रियांची सांगड म्हणजे वापरकर्त्यांचा अभ्यास, त्यांच्या कामाला साजेशी रचना आणि त्या रचनेची प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडून होणारी चाचणी ही कामे सॉफ्टवेअर घडवण्याच्या नियमित टप्प्यांत अंतर्भूत करणे होय. हा विषय मानव-संगणक आंतरक्रिया आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी या दोन ज्ञानशाखांच्या सीमेवर येतो. या दोन्ही शाखांची वाढ बराच काळ स्वतंत्रपणे झाली. त्यामुळे एकीच्या पद्धती दुसरीच्या वेळापत्रकात कोठे, केव्हा आणि कोणाच्या अधिकारात बसवायच्या, हा प्रश्न १९८० च्या दशकापासून चर्चिला जात आहे.

वापरसुलभता ही सॉफ्टवेअर पूर्ण झाल्यावर त्यावर चढवायची झिलई आहे, असा समज उद्योगात दीर्घकाळ रूढ होता. मात्र वापरास सोपे ठरणारे अनेक गुणधर्म सॉफ्टवेअरच्या अंतर्रचनेशी निगडित असतात. ते शेवटच्या टप्प्यात जोडणे अतिशय खर्चिक ठरते आणि काही वेळा अशक्यही होते. या विषयावरील बहुतेक लेखनाचा मध्यवर्ती मुद्दा हाच आहे.

व्याख्या

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आणि सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. या मानकानुसार विशिष्ट वापरकर्त्यांना, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट उद्दिष्टे परिणामकारकतेने, कार्यक्षमतेने आणि समाधानाने किती प्रमाणात साध्य करता येतात, यावर वापरसुलभता ठरते. काम पूर्ण व अचूक झाले का, हे परिणामकारकतेतून समजते. त्यासाठी किती वेळ व श्रम लागले, हे कार्यक्षमता सांगते. वापरणाऱ्याचा अनुभव कसा होता, हे समाधान दर्शवते.

या व्याख्येत ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बँकेत दिवसभर नोंदी करणाऱ्या लिपिकाला कळफलकावरील आखूड मार्ग सोयीचे वाटतात. वर्षातून एकदाच हयातीचा दाखला भरणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला मात्र प्रत्येक पायरीवर स्पष्ट सूचना हवी असते. म्हणजेच वापरसुलभता हा केवळ सॉफ्टवेअरचा गुण नसून सॉफ्टवेअर, माणूस, काम आणि परिस्थिती यांच्या परस्परसंबंधाचा गुण आहे. त्यामुळे वापरकर्त्यांना न भेटता तो ठरवता येत नाही.

पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा आरंभीचा भर अचूकता, विश्वसनीयता, खर्च आणि वेळापत्रक यांवर होता. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या प्रणालींच्या व्यवस्थापनावर लिहिलेल्या निबंधात गरजा, विश्लेषण, रचना, आज्ञावली लेखन, चाचणी आणि वापर अशी टप्प्यांची मालिका मांडली. पुढे हीच मालिका वॉटरफॉल किंवा ‘धबधबा’ प्रतिमान म्हणून ओळखली जाऊ लागली. टप्पे एकदाच व सरळ ओळीत पार पाडण्यातील धोका रॉइस यांनी त्याच निबंधात दाखवून दिला होता. तरीही उद्योगात तो सरळ क्रमच अधिक रुळला.

दुसऱ्या बाजूला मानसशास्त्र, श्रमविज्ञान आणि औद्योगिक अभिकल्प या क्षेत्रांतून मानव-संगणक आंतरक्रिया ही शाखा आकाराला आली. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्ये वापरसुलभ रचनेची तीन तत्त्वे मांडली : वापरकर्ते आणि त्यांची कामे यांकडे आरंभापासून लक्ष देणे, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप करणे आणि त्या मोजमापाच्या आधारे रचना पुन्हा पुन्हा सुधारणे. ही तत्त्वे ऐकताना उघड वाटतात, परंतु रचनाकारांना विचारले असता ती सर्व त्यांच्या सांगण्यात क्वचितच येतात, असेही त्यांना आढळले. डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या १९८६ मधील ग्रंथामुळे वापरकर्ता-केंद्रित रचना ही संकल्पना सर्वत्र पोहोचली.

१९९० च्या दशकात वापरसुलभतेला अभियांत्रिकीची शिस्त देण्याचे प्रयत्न झाले. जेकब नील्सन यांचा या विषयावरील ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. डेबोरा मेह्यू यांनी १९९९ मध्ये वापरसुलभता अभियांत्रिकीचे संपूर्ण जीवनचक्र मांडले. त्याच वर्षी आयएसओ १३४०७ हे मानव-केंद्रित रचनेचे मानक आले. २०१० मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-२१० या मानकाने घेतली आणि २०१९ मध्ये त्यात सुधारणा झाली.

सांगडीची आवश्यकता

अंतर्रचनेशी असलेला संबंध

लेन बास आणि बॉनी जॉन यांनी वापरसुलभता आणि सॉफ्टवेअरची अंतर्रचना यांतील दुवे दाखवणारे दोन डझनांहून अधिक प्रसंग मांडले. ‘रद्द करा’ ही सोय त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. पडद्यावर ते केवळ एक बटण असते. परंतु ते खरोखर काम करावे यासाठी प्रणाली दुसऱ्या कामात गुंतलेली असतानाही तिने वापरकर्त्याची आज्ञा ऐकली पाहिजे. अर्धवट झालेले बदल पूर्ववत झाले पाहिजेत, अडवून ठेवलेली साधनसामग्री मोकळी झाली पाहिजे आणि सोबत चालणाऱ्या इतर घटकांना तशी सूचना मिळाली पाहिजे. ही तरतूद आरंभी केलेली नसेल तर नंतर अनेक भाग नव्याने लिहावे लागतात. केलेली कृती मागे घेणे, कामाची प्रगती दाखवणे आणि अनेक भाषांत वापर शक्य करणे या सोयीही याच प्रकारच्या आहेत.

याउलट बटणाचे स्थान, सूचनेची शब्दरचना किंवा अक्षरांचा आकार असे बदल उशिराही करता येतात. म्हणून वापरसुलभतेच्या कोणत्या गरजा अंतर्रचनेला भिडतात आणि कोणत्या भिडत नाहीत, याची निवड लवकर करणे हा सांगडीचा पहिला व्यावहारिक लाभ मानला जातो.

सुरक्षिततेशी असलेला संबंध

कॅनडातील ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीच्या थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचे प्रकरण या संदर्भात अभ्यासले जाते. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रामुळे कॅनडा व अमेरिकेतील सहा रुग्णांना किरणांची प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू ओढवला. आधीच्या यंत्रांतील धोका रोखणारी यांत्रिक व्यवस्था येथे काढून टाकण्यात आली होती आणि तिची जबाबदारी सॉफ्टवेअरवर सोपवली होती.

मूळ रचनेत यंत्रचालकाला उपचाराची माहिती उपचारकक्षात आणि पुन्हा नियंत्रण-पडद्यावर अशी दोनदा भरावी लागे. यात फार वेळ जातो, अशी चालकांची तक्रार होती. त्यावरून कंपनीने एक कळ दाबून आधीची माहिती पुढे नेण्याची सोय दिली. वापर सोपा झाला, पण दुबार नोंदीतून होणारी पडताळणीही त्याबरोबर संपली. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ मध्ये झालेल्या अपघातांत चालकाने चुकलेली नोंद झटपट दुरुस्त केली होती. पडद्यावर दुरुस्त माहिती दिसत असली, तरी सॉफ्टवेअरमधील दोषामुळे यंत्राची आतील जुळणी त्या माहितीशी सुसंगत राहिली नाही. त्यानंतर ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश दिसला. त्याचा अर्थ चालकांच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता. असे संदेश नेहमीच येत आणि एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवता येत असे.

या प्रकरणात सॉफ्टवेअरमधील दोष, सुरक्षा-विश्लेषणातील उणिवा आणि पडद्यावरील संवादातील उणिवा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. वापर सोपा करणारा बदल अभियांत्रिकी विश्लेषणापासून तुटलेला असेल तर तोही घातक ठरू शकतो. त्यामुळे सांगडीची गरज दोन्ही बाजूंनी आहे : अभियांत्रिकीला वापरकर्त्याचे ज्ञान हवे आणि वापरसुलभतेच्या निर्णयांना अभियांत्रिकीची पडताळणी हवी.

मानव-केंद्रित रचनेचे चक्र

आयएसओ ९२४१-२१० या मानकात चार परस्परावलंबी कार्ये सांगितली आहेत :

१. वापराची परिस्थिती समजून घेणे व ती नोंदवणे.
२. वापरकर्त्यांच्या गरजा निश्चित करणे.
३. त्या गरजांना अनुसरून रचना तयार करणे.
४. रचनेचे गरजांच्या कसोटीवर मूल्यमापन करणे.

मूल्यमापनात उणीव आढळल्यास आवश्यक त्या आधीच्या कार्याकडे परत जावे लागते. संपूर्ण प्रक्रियेत वापरकर्त्यांचा सहभाग असावा आणि संघात विविध ज्ञानशाखांतील व्यक्ती असाव्यात, अशीही या मानकाची अपेक्षा आहे. मात्र कोणती विकास प्रक्रिया वापरावी, याचा आग्रह हे मानक धरत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रक्रियेशी मेळ घालण्याचे काम संस्थेवरच येते.

प्रक्रियानिहाय सांगड

वॉटरफॉल

या प्रतिमानात गरजांचा दस्तऐवज एकदा मान्य झाला की त्यात बदल करणे अवघड जाते. त्यामुळे वापरकर्त्यांच्या भेटी, कामाचे निरीक्षण आणि कागदी नमुन्यांवरील चाचण्या हा दस्तऐवज मान्य होण्यापूर्वी पूर्ण होणे आवश्यक असते. प्रत्यक्षात अनेक प्रकल्पांत वापरसुलभता तज्ज्ञांना अखेरच्या चाचणीच्या वेळी बोलावले जाते. तेव्हा आढळलेल्या दोषांपैकी वरवरचे तेवढे दुरुस्त होतात आणि मूलभूत दोष ‘पुढच्या आवृत्तीसाठी’ राहून जातात.

पुनरावर्ती प्रक्रिया

बॅरी बोहम यांचे सर्पिल प्रतिमान आणि १९९० च्या दशकातील युनिफाइड प्रक्रिया यांत काम अनेक आवर्तनांत विभागले जाते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी काहीतरी दाखवता येण्याजोगे हाती असल्यामुळे वापरकर्त्यांची चाचणी त्यात बसवणे तुलनेने सोपे जाते. इव्हार जेकबसन यांची ‘यूज केस’ ही संकल्पना दोन्ही शाखांना जोडणारा दुवा ठरू शकते, कारण तीत प्रणालीचे वर्णन वापरकर्त्याच्या उद्दिष्टावरून केले जाते. तथापि, हे वर्णन वापरकर्त्यांना न भेटता कार्यालयातच लिहिले गेले तर तो दुवा नाममात्र उरतो.

ॲजाइल

२००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ व्यक्तींनी ॲजाइल जाहीरनामा तयार केला. लहान आवर्तने, चालू स्थितीतील सॉफ्टवेअर आणि ग्राहकाशी सतत संवाद यांवर त्याचा भर होता. हा भर गूल्ड व लुईस यांच्या तत्त्वांशी जुळणारा असला, तरी दोन अडचणी पुढे आल्या. पहिली अशी की, ग्राहक म्हणजे वापरकर्ता नव्हे. पैसे देणारा अधिकारी आणि रोज काम करणारा कर्मचारी यांच्या गरजा वेगळ्या असू शकतात. दुसरी म्हणजे एक-दोन आठवड्यांच्या आवर्तनात अभ्यास, रचना, लेखन व चाचणी हे सर्व एकापाठोपाठ बसत नाही.

२००२ मध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे प्रवर्तक केंट बेक आणि आंतरक्रिया अभिकल्पाचे पुरस्कर्ते ॲलन कूपर यांच्यात झालेली चर्चा या मतभेदाचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. रचना आज्ञावली लेखनापूर्वी निश्चित व्हावी, असे कूपर यांचे मत होते. असा स्वतंत्र पूर्वटप्पा बेक यांना मान्य नव्हता.

यावर टोरांटो येथील डिझायरे सी आणि लिन मिलर यांच्या अनुभवातून समांतर मार्गांची पद्धत पुढे आली. सी यांचा या विषयावरील लेख २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत रचनाकार आणि आज्ञावलीकार शेजारी-शेजारी पण वेगळ्या आवर्तनासाठी काम करतात. आज्ञावलीकार चालू आवर्तनाचे काम करत असताना रचनाकार पुढील आवर्तनाची रचना पूर्ण करतात, मागील आवर्तनात तयार झालेल्या भागाची वापरकर्त्यांकडून चाचणी घेतात आणि त्यापुढच्या आवर्तनासाठी माहिती गोळा करतात. आरंभीच्या ‘शून्य’ आवर्तनात आज्ञावलीकार वापरकर्त्यांना फारसे दिसणार नाही असे पायाभूत काम करतात आणि तेवढ्यात रचनाकारांना आघाडी घेता येते. या पद्धतीत दोन्ही गटांचा रोजचा संवाद अत्यावश्यक असतो. तो तुटल्यास प्रत्येक आवर्तन हे एक लहान वॉटरफॉल बनते.

प्रमुख पद्धती

परिस्थितीजन्य चौकशी : वापरकर्त्याच्या कामाच्या जागी जाऊन काम पाहणे आणि पाहता पाहता प्रश्न विचारणे. ह्यू बेयर व कॅरन होल्ट्झब्लाट यांनी ही पद्धत विकसित केली. गरजा निश्चित करण्याच्या टप्प्यात ती उपयोगी पडते.

कच्चे नमुने : कागदावर किंवा संगणकावर केलेली पडद्यांची रेखाटने. आज्ञावली लिहिण्यापूर्वीच चुका उघड करण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

अनुमानाधारित मूल्यमापन : तज्ज्ञांनी मान्य तत्त्वांच्या आधारे केलेली तपासणी. जेकब नील्सन आणि रॉल्फ मोलिच यांनी १९९० मध्ये ती मांडली. वापरकर्ते उपलब्ध नसतानाही ती करता येते, परंतु ती प्रत्यक्ष चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

वापरसुलभता चाचणी : वापरकर्त्यांना ठराविक कामे देऊन त्यांचे निरीक्षण करणे. नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांच्या १९९३ मधील प्रतिमानानुसार एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होत असतील, तर पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. म्हणून १५ जणांची एकच मोठी चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या घेऊन दरम्यान सुधारणा करणे नील्सन अधिक फायद्याचे मानतात. ही सरासरी सर्व प्रणालींना लागू पडत नाही. शिवाय वापरकर्त्यांचे गट भिन्न असतील तर प्रत्येक गटातून स्वतंत्र माणसे घ्यावी लागतात.

उदाहरण : १९८४ ची ऑलिम्पिक संदेश प्रणाली

लॉस एंजेलिस येथील १९८४ च्या ऑलिम्पिक स्पर्धांसाठी आयबीएमने ध्वनिसंदेशांची प्रणाली तयार केली होती. तिच्याद्वारे खेळाडूंना परस्परांना आवाजी संदेश पाठवता येत आणि जगभरातील आप्तेष्टांचे संदेशही ऐकता येत. ती १२ भाषांत चालत असे. गूल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकल्पात वरील तीन तत्त्वांची कसोटी घेतली आणि त्याचा वृत्तान्त १९८७ मध्ये प्रसिद्ध केला.

आज्ञावली लिहिण्यापूर्वी वापराचे प्रसंग कागदावर लिहून लोकांना दाखवण्यात आले. वापरकर्त्यांसाठीची पुस्तिकाही आधीच लिहिली गेली आणि प्रत्येक चाचणीनंतर ती सुधारली गेली. प्रणालीच्या खोक्याचा कच्चा नमुना प्रयोगशाळेतील वर्दळीच्या मार्गिकेत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मते घेण्यात आली. पूर्ण झालेली प्रणाली मोडून दाखवण्याचे आव्हान विद्यार्थ्यांना देण्यात आले. स्पर्धेची तारीख बदलणे शक्य नसतानाही ही पुनरावर्ती पद्धत निभावता आली, म्हणून ‘वेळ नाही’ या आक्षेपाला उत्तर म्हणून हे उदाहरण दिले जाते.

मोजमाप

वापरसुलभतेचे उद्दिष्ट आकड्यांत मांडले तर ते इतर गरजांप्रमाणे तपासता येते. काम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, लागलेला वेळ आणि चुकांची संख्या ही नेहमीची मापे होत. समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ ही दहा विधानांची प्रश्नावली विस्तृत प्रमाणावर वापरली जाते. तिचे गुण ० ते १०० या दरम्यान असतात, परंतु ते टक्के नसतात.

ही सर्व मापे तयार वस्तूची आहेत. प्रक्रियेतील सांगड मोजण्याचा उल्लेखनीय प्रयत्न मुंबईत झाला. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील अनिरुद्ध जोशी व एन. एल. सरडा यांनी संजय त्रिपाठी यांच्यासह २०१० मध्ये दोन मापे मांडली. वापरसुलभतेची उद्दिष्टे किती साध्य झाली, हे पहिले माप दाखवते. विकास प्रक्रियेत मानव-संगणक आंतरक्रियेची कामे किती मुरली आहेत, हे दुसरे माप सांगते. त्याला ‘सांगड निर्देशांक’ म्हणता येईल. उद्योगातील ६१ प्रकल्पांवर ही मापे लावली असता दोहोंत चांगला सहसंबंध आढळला. ॲजाइल प्रकल्पांत, तसेच कंत्राटी पद्धतीने करून दिलेल्या प्रकल्पांत सांगडीचा परिणाम काहीसा अधिक दिसला.

अडथळे

अहमद सेफा आणि एडवर्ड मेट्झकर यांनी २००४ मध्ये या दोन शाखांमधील अडथळ्यांचा आणि गैरसमजांचा आढावा घेतला. या विषयात सामान्यतः पुढील अडथळे सांगितले जातात :

परिभाषा : दोन्ही शाखांत ‘रचना’, ‘चाचणी’ व ‘गरजा’ हे शब्द वेगळ्या अर्थाने वापरले जातात. अभियंत्याच्या दृष्टीने चाचणी म्हणजे दोष शोधणारी तपासणी. वापरसुलभता तज्ज्ञाच्या दृष्टीने तीच चाचणी म्हणजे माणसाचे निरीक्षण.

अधिकार : तज्ज्ञाचा अहवाल केवळ सल्ला मानला जातो. आढळलेला दोष इतर दोषांच्या यादीत, त्याच क्रमवारीत नोंदला गेल्याशिवाय त्याची दुरुस्ती वेळापत्रकात येत नाही.

वापरकर्त्यांपासूनचे अंतर : कंत्राटी विकासात प्रणाली एका देशात घडते आणि वापरकर्ते दुसऱ्या देशात असतात. मध्ये ग्राहक कंपनीचे अधिकारी असल्याने वापरकर्त्यांना भेटण्याची तरतूद करारातच करावी लागते.

खर्चाचा हिशेब : अभ्यासाचा खर्च प्रकल्पाच्या खाती लगेच दिसतो. प्रशिक्षण, चुका आणि मदतकेंद्रे यांवरील बचत मात्र नंतर आणि बहुधा दुसऱ्याच विभागाच्या खाती दिसते.

भारतीय भाषांच्या संदर्भात

भारतीय भाषांतील वापर हा अंतर्रचनेला भिडणाऱ्या गरजेचा ठळक नमुना आहे. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरे, मात्रा व हलन्त मिळून दहा चिन्हे आहेत. म्हणजे त्याला ३० बाइट लागतात. रोमन लिपी गृहीत धरून नावाच्या रकान्याला २० बाइट दिले असतील आणि जादा मजकूर कापला जात असेल, तर या नावातील ‘ज्ञाने’ एवढेच उरेल. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव हा मराठी रिवाज, वर्णक्रमानुसार लावायच्या याद्या आणि जोडाक्षरांचा शोध हेही विषय माहितीसाठ्याच्या रचनेपर्यंत पोहोचतात. मराठी पडदे अखेरीस भाषांतर करून बसवले तर शब्द मराठी होतात, पण रकाने आणि क्रम मूळ भाषेचेच राहतात.

भारतात या विषयाच्या अध्ययन-अध्यापनात भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील औद्योगिक अभिकल्प केंद्राचा मोठा वाटा आहे. मानव-संगणक आंतरक्रियेवरील ‘इंटरॅक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद सप्टेंबर २०१७ मध्ये याच संस्थेत भरली होती. याच केंद्रात देवनागरी व इतर भारतीय लिप्यांसाठी विकसित झालेल्या ‘स्वरचक्र’ या भ्रमणध्वनी कळफलकात व्यंजनाला स्पर्श केल्यावर त्याभोवती बाराखडीतील रूपांचे चक्र उमटते.

हेही पहा

मानव-संगणक आंतरक्रिया
सॉफ्टवेअर अभियांत्रिकी
ॲजाइल सॉफ्टवेअर विकास
युनिकोड
देवनागरी